सकाळी सातचं बोलणं

आमच्या सुनेला नको तिथे तोंड घालायची खोड. दवाखान्यातही तेच केलं.

दवाखाना लहान. मेंदूचा डॉक्टर तिथे नाही. तो शहरात बसतो आणि भिंतीवरच्या पडद्यात दिसतो. मशीनमध्ये घालून यांच्या डोक्याचे फोटो काढले, ते तिकडे त्याला लगेच दिसले. हे खाटेवर. तोंड वाकडं, उजवा हात कुणी दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा. सकाळी आठला मुलगा यांच्या खोलीत चहा घेऊन गेला तर असेच सापडले, पांघरूण गळ्यापर्यंत, एक सुरकुती नाही.

डॉक्टरनं एकच विचारलं, शेवटचं नीट कधी बोलले? साडेचार तासांच्या आतलं असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसले.

सून म्हणाली, "सकाळी सातला. माझ्याशीच बोलले. आईंच्या दाराशी उभे होते."

साडेनऊ झाले होते. नर्सनं इंजेक्शन काढलं. डॉक्टर मात्र फोटोच बघत राहिला. मग हळू म्हणाला, हा झटका कालचा आहे. काल संध्याकाळपासून यांना बोलता येणं शक्य नाही, उभं राहणं तर नाहीच. आता औषध दिलं तर डोक्यात रक्तस्राव होईल.

नर्सनं इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं. तो आवाज अजून कानात आहे.

बाहेर बाकावर मी सुनेला धुऊन काढली. घरातलं माणूस हातचं चाललंय आणि हिला गोष्टी सुचतात. ती रडली नाही. म्हणाली, काय बोलले ते तरी ऐका.

"म्हणाले, हिला सांग, मी रुसलो नव्हतो. तोंडच उघडत नव्हतं."

काल संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. खाटेवर टेकलेल्या यांच्या हातून कप पडला. मी म्हटलं, हात गळून पडलेत का? हे नुसते बघत राहिले. दहादा विचारलं, उत्तर नाही. रुसा खुशाल, म्हटलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून दिलं आणि माझ्या खोलीला कडी लावून झोपले.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरलाही नाही.

आत गेले. हे माझ्याकडे बघत होते.

कालच्यासारखेच.

सून मागे येऊन उभी राहिली.

"तू खोटं नाही बोललीस," मी तिला म्हटलं. "सातला माझं दार वाजलं होतं. तीनदा, हे वाजवतात तसं. मीच उठले नाही."