मत्तीगुड्ड्यावरची तिसरी रेघ

गोचिडी गोळा करायचं कापड पांढरंशुभ्र असावं लागतं आणि ते तसं ठेवणं माझ्याकडे असतं. डिसेंबर ते मे, दर आठवड्याला मी ते रिठ्याच्या पाण्यात धुते. साबण चालत नाही, त्याच्या वासाने गोचिडी बिचकतात. सासूबाई म्हणतात, "एवढ्या मायेनं माझी एक साडी धुतली नाहीस कधी." खरं आहे त्यांचं.

काम तसं सोपं आहे. मीटरभर कापड, त्याला आडवी काठी, काठीला दोरी. पाचोळ्यावरून ते ओढत शंभर पावलं जायचं. दर दहा पावलांना थांबून कापड उलटं करायचं आणि चिकटलेली गोचिडीची पिल्लं चिमट्याने उचलून बाटलीत टाकायची. तिळाहून लहान असतात. शिवाय भाजलेलं खोबरं घालून पिंजरे लावायचे, सकाळी सापडलेल्या उंदीर-चिचुंद्र्यांच्या कानांतल्या गोचिडी मोजायच्या आणि पकडलं तिथेच त्यांना सोडायचं. यावरून डॉक्टर उडुपा ठरवतात, गोचिडीच्या चाव्याने येणारा माकडताप यंदा कुठे उतरणार. कुठल्या रानात बायकांनी गुरांखाली अंथरायला पाचोळा आणायला जायचं आणि कुठे पाऊल टाकायचं नाही, हे आमच्या बाटल्यांवर ठरतं.

मला हे काम केरियण्णांनी शिकवलं. साठीचे, अनवाणी, तोंडात कायम पान. नऊ हंगाम आम्ही मत्तीगुड्डा टेकडीच्या उतारांवर एकत्र काढले. त्यांच्यात खोट एकच होती. कापड ओढणाऱ्याच्या पुढे कुणी चालायचं नाही हा आमचा पहिला नियम, कारण गोचीड श्वासाला आणि उबेला येते, जो पुढे असेल त्यालाच चिकटते. आणि हे गृहस्थ काठी आपटत हटकून पुढे.

"पुढं साप असतो, तंगी," ते म्हणायचे. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "तू कापड बघ, मी साप बघतो."

डॉक्टर ओरडून ओरडून थकले. शेवटी तोड निघाली ती अशी, की केरियण्णांच्या पायांवरच्या गोचिडीही माझ्या कापडाच्या मोजणीत धरायच्या. मग दर दहा पावलांना ते लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून दोन्ही पाय जुळवून उभे राहायचे आणि मी वाकून त्यांच्या पोटऱ्या तपासायची.

"हूवीनं लग्नात पण एवढं निरखून बघितलं नव्हतं मला," ते म्हणायचे. हूवी म्हणजे त्यांची बायको, आमची हूवक्का.

गेल्या एप्रिलमध्ये माकडतापानेच ते गेले. अकरा दिवस ताप उतरला नाही. नऊ वर्षांत मला एकदाही गोचीड चावली नव्हती, आणि नऊ वर्षांत पुढे सापही एकदा दिसला नव्हता. हे माझ्या डोक्यात आलं ते त्यांच्या तेराव्याला, पंगतीत. मी भरल्या पानावरून उठले.

यंदा जानेवारीत पुन्हा मत्तीगुड्डा आला. टेकडीच्या तीन उतारांवर आमच्या कापड ओढायच्या तीन रेघा आखलेल्या आहेत, उताराला एक. पहिलीवर चाळीस मिळाल्या, दुसरीवर पस्तीस. तिसरीवर, जी केरियण्णांची आवडती, कापड कोरं निघालं. दुसऱ्या आठवड्यातही कोरं. मी नवं कापड घेतलं, तेही तसंच. गंमत म्हणजे त्याच रेघेवरच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांचे कान गोचिडींनी खचाखच भरलेले.

"उंदरांनी काय आठवडे बाजारातून आणल्या का गं, अक्का?" पिंजरे सांभाळणारा सुब्राय म्हणाला.

पाचव्या फेरीला डॉक्टर उडुपा स्वतः आले. विजार मोज्यांत खोचून त्यांनी स्वतः कापड ओढलं, मी मागून चालले. कोरं.

"उंदीर ओढ्यापलीकडून येत असतील," ते म्हणाले. "कापड खोटं बोलत नाही, नीलावती. सोमवारी हा उतार उघडू या. गुरं ओल्यात बसलीत, बायका रोज दारात येऊन भांडतात."

"सर, अजून एक फेरी."

"रविवारी कर. पण उंदरांच्या कानांवर मी गाव अडवून धरणार नाही."

त्या उताराच्या पायथ्याशी पहिलंच घर हूवक्काचं. शनिवारी तिने मला बसवून भाकरी आणि अप्पेमिडी कैऱ्यांचं लोणचं वाढलं.

"सोमवारी उजाडायच्या आत जाते बघ टोपली घेऊन," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी."

"गोचिडी चढू नयेत म्हणून तेल लावून जा, हूवक्का. हातापायांना."

"कशाला? तुझ्या अण्णाचं रान ते. मला काय होतंय तिथं?"

डॉक्टरांना न सांगितलेली एक गोष्ट माझ्यापाशी होती. पहिल्या फेरीपासून तिसऱ्या रेघेवर माझ्यापुढे पाचोळा वाजत होता. आधी वाटलं भेकर असेल. मग घोरपड. मी थांबले की तो एक पाऊल जास्त वाजून थांबायचा. दर दहा पावलांना असंच. भेकर दहा मोजत नाही. थांबायच्या प्रत्येक जागी माझ्यासमोर पाचोळा दोन ठिकाणी दबलेला असायचा, शेजारी शेजारी, आणि मी सवयीने चिमटा घेऊन तिथे वाकलेली असायची.

मी घाबरले नव्हते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. एप्रिलपासून त्या माणसाची आठवण काढून रडले होते, आणि आता आठवड्यातली शंभर पावलं ते सोबत होते. म्हणून मी पाच फेऱ्या गप्प बसले. माझ्या लाडापायी एक आख्खा उतार साफ ठरला होता.

रविवारी आठ वाजता आम्ही वर गेलो. ऐनाची पानं गळून उन्हात वाळली होती. सुब्राय रेघेच्या तोंडाशी पिंजरे धूत बसला. मी दोरी हातात घेतली.

पहिली दहा पावलं. कोरं.

पुढे पाचोळा एक पाऊल जास्त वाजला आणि थांबला.

मी सुब्रायला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "केरियण्णा, साप नसतोच पुढं. मला माहीत आहे."

काही वाजलं नाही.

"आज मागून चला. तुम्ही पुढं चालता म्हणून कापड कोरं निघतंय. उद्या हूवक्का टोपली घेऊन इथंच येणार आहे. अनवाणी. तेल लावत नाही ती, तुमचं रान म्हणते."

वारा नव्हता.

मग पाचोळा वाजला. एक पाऊल, दोन. माझ्याकडे येत होता. मी डोळे मिटून घेतले. डाव्या दंडाजवळून काहीतरी गेलं आणि तिथली लव उभी राहिली. आवाज माझ्या मागे जाऊन थांबला.

मी कापड ओढलं.

वीस पावलांवर नऊ मिळाल्या. तिसावर चौदा. पन्नासावर कापडाला मिरी-मीठ शिंपडल्यासारखं झालं, माझ्या मोज्यांवरही चढू लागल्या, आणि मी त्या उचलताना रडत होते. मागे पाचोळा वाजत होता, माझ्या पावलाला पाऊल धरून.

"अक्का, काय झालं? चावली का?" सुब्राय खालून ओरडला.

"सापडल्या!" मी ओरडले. "बाटल्या आण, पुरत नाहीत."

शंभर पावलांत एकशे बारा. दुपारी डॉक्टरांनी बाटल्या उजेडात धरल्या आणि उतार बंदच ठेवण्याचा कागद लिहिला. सोमवारी उजाडता मी हूवक्काच्या दारात उभी होते. तिने रिकामी टोपली अंगणात आपटली. "आता गुरांखाली काय, तुझं ते पांढरं कापड अंथरू?" असं म्हणत तिने माझा उद्धार केला आणि मग चहा दिला. तिला यंदा ताप आला नाही.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. रेघ संपल्यावर मी त्याच वाटेने परत उतरले. मागचा आवाज कधी थांबला ते बाटल्यांच्या घाईत कळलं नव्हतं. जिथून मी नुकतंच कापड ओढत नेलं होतं, तिथे दर दहा पावलांवर गोचिडी पडल्या होत्या. राखी, टम्म फुगलेल्या, मुगाएवढ्या. पोट भरलं की गोचीड आपणहून गळून पडते, आणि ते भरायला तिला तीन-चार दिवस कुणाच्या तरी अंगावर राहावं लागतं.

मी चिमटा खिशात ठेवला आणि एक उचलून तळहातावर घेतली. सावलीतला पाचोळा गार होता, माझे हातही गार होते. ती मात्र कोमट होती.