डाव्या टाचेची झीज

त्या वर्षी कोल्हापुरात लंगडणारा माणूस शोधूनही क्वचितच सापडला असता. रावजी व्हटकर चप्पलवाला त्या मोजक्यांपैकी एक होता, आणि त्याचाही नंबर येत्या सोमवारी लागणार होता.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. खुब्याच्या वाटीत तो फिरतो, म्हणून आपण चालतो, उकिडवे बसतो, मांडी घालतो. या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या फार बारीक. त्या बुजल्या की आतलं हाड उपाशी मरतं आणि ओल लागलेल्या गुळाच्या ढेपेसारखा गोळा खचत जातो. पंधरा वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या तापाची साथ आली, तेव्हा माणसं जगवण्यासाठी जी जालीम औषधं द्यावी लागली, त्यांनी हजारोंच्या खुब्यांत हेच केलं. पूर्वी अशा वेळी धातूचा गोळा बसवत. आता चालबीज पेरत.

चालबीज म्हणजे बोराएवढी, स्पंजासारखी सच्छिद्र जाळी. मेलेलं हाड कोरून काढायचं आणि तिथं ती ठेवायची. तिच्या छिद्रांत रोग्याच्याच पेशी असतात. हाड काही दगड नव्हे. माळावर माणसं जिथून रोज जातात तिथं पायवाट पडते, तसं ज्या बाजूनं भार येतो त्या बाजूला हाड भरत जातं. चालबीज शंभर दिवस भार ऐकतं, त्याप्रमाणे हाड रचतं आणि मग मिटतं. मिटावंच लागतं, नाहीतर हाड वाढतच राहील. एकदा मिटलं की रचना कायमची.

यात एक अडचण होती. खुबा दुखणारा माणूस वर्षानुवर्षं लंगडत आलेला असतो. बीजानं ती लंगडी चाल ऐकली तर हाडही लंगडंच रचणार. म्हणून एका निरोगी माणसाची चाल यंत्रावर नोंदवून घेतली होती आणि तीच प्रत्येक बीजाला आतून ऐकवत. तिला नमुनाचाल म्हणत. एक खुबा त्या चालीला लागला की दुसराही आपोआप तीच चाल धरतो; जोतातल्या बैलांचं असतं, तसंच.

रावजीचा उजवा खुबा दोन वर्षं दुमडत नव्हता. चपलेचं काम जमिनीवर बसून, कातडं पायाखाली दाबून करायचं असतं. खुर्चीवर बसून त्यानं करून पाहिलं, पण कातडं कापायची रापी हातात ठरेना. आता तो नुसती दुरुस्तीची कामं घेई, आणि रिकामपणी आलेल्या चपलांचे तळ न्याहाळत बसे. त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं, माणूस तोंडानं खोटं बोलंल, तळ बोलायचा न्हाई.

त्या आठवड्यात चौदा जोड आले होते. त्यांतले नऊ एकाच माणसाचे असावेत असं त्याला वाटलं. डावी टाच, आतली बाजू, चवलीच्या नाण्याएवढी झीज. पण एक जोड सहा नंबरचा, एक दहाचा, दोन बायकांचे. त्यानं न्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारलं. नवाच्या नवांनी बीज पेरून घेतलं होतं. त्यांचे जोड त्यानं दोन दिवस ठेवून घेतले.

अशी झीज त्यानं पूर्वी तीनदा पाहिली होती. तिन्ही गिऱ्हाइकांचा डावा खुबा पन्नाशीच्या आत गेला होता.

शनिवारी तो पिशवीत चपला भरून बीज पेरणाऱ्या डॉक्टर यामिनी सबनीसांकडे गेला. दारावरच्या शिपायानं चपला बाहेर ठेवायला सांगितलं. रावजी म्हणाला, पायातल्या ठेवतो, हातातल्या न्हाईत. शिपाई बाजूला झाला.

बाईंनी आधी हसून ऐकलं. मग त्या सांगू लागल्या. सातशे माणसांच्या चाली नोंदवल्या होत्या, सगळ्या याच खोलीत, याच गुळगुळीत फरशीवर. सर्वांत एकसारखी लय एका पंचविशीच्या मुलाची निघाली. जिल्ह्यात चाळीस हजार माणसं त्याच्या चालीवर चालतात. यंत्राला दोष दिसला नाही तो चपलेत कसा दिसेल?

"बाई, ही सातशे माणसं अनवाणी चालली का चपला घालून?"

"अनवाणी. चपला बाहेरच काढतात ना सगळे."

"तिथंच घोळ झाला. फरशीवर एक तासाला काय कळतंय? तळ वरसभर रस्त्यावर घासतोय." त्यानं दहा नंबरची चप्पल उलटी करून त्यांच्या टेबलावर ठेवली. बाईंच्या टेबलावर चप्पल पहिल्यांदाच आली असावी. पण त्यांनी ती हातात घेतली.

त्या बराच वेळ अंगठ्यानं झिजलेली जागा चाचपत राहिल्या. मग त्यांनी नोंदवही उघडून त्या मुलाला फोन लावला. तो आता पस्तिशीचा होता, पुण्याला असे. दहा वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. डाव्या जांघेत वर्षभर दुखतंय, तो म्हणाला, पण बसून काम असतं म्हणून असेल.

रावजी म्हणाला, बाकीच्या सहाशे नव्व्याण्णव चालींतली एखादी काढा की. बाई म्हणाल्या, त्या पुसल्या. एक उत्तम सापडल्यावर बाकीच्या ठेवायचं कारण राहिलं नव्हतं.

"आणि ही चाळीस हजार माणसं?"

"त्यांची बीजं मिटली, मामा. ते हाड आता त्यांचंच झालंय."

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. बीज न पेरलेलं, सरळ चालणारं एक माणूस त्यानं हुडकून आणावं. उंची-वजनाचा फरक यंत्र जुळवून घेतं. सोमवारी सकाळी त्या नवी चाल नोंदवतील आणि दुपारी तीच त्याच्या बीजात घालतील. नाहीतर नमुनाचाल आहेच. पंधरा-वीस वर्षं तरी तो मांडी घालून काम करील. थांबता मात्र येणार नव्हतं, कारण सोमवार चुकला तर पुढचा नंबर तीन महिन्यांनी होता आणि त्याचा गोळा अजून महिनाभरच तग धरणार होता.

रविवारभर रावजी गल्लीतून चपला गोळा करत होता. बीज पेरलेल्यांच्या त्यानं बाजूला टाकल्या. उरल्या तरण्यांच्या आणि पोरांच्या. एकेक तळ उजेडाकडे धरून त्यानं पाहिला. डावी टाच, आतली बाजू. झीज कमी होती, पण तिथंच होती. कुणाच्या आईला बीज होतं, कुणाच्या बापाला, कुणाच्या शाळेतल्या बाईंना. मूल चालायला शिकतं ते कुणी शिकवलं म्हणून नव्हे, घरात पायांकडे बघून.

शेवटी त्यानं नातीची चप्पल उचलली. मुक्ता सहा वर्षांची. तिची आई श्रेया, रावजीची सून. तिला पाच वर्षांपूर्वी बीज पेरलं होतं.

त्यानं चप्पल खाली ठेवली आणि बाईंना फोन केला. सरळ चालणारं कुणी सापडलं न्हाई, त्यानं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग नमुनाचालच घालू का?

"कुठलीच घालू नका. बीज माझंच ऐकू दे."

"तुम्ही लंगडता, मामा. ते लंगडणंच कायमचं होईल. कदाचित मांडीही घालता येणार नाही."

"शंभर दिवस नीट चालतो. दुखलं तर दुखलं. पोरीला घरात दुसरा एक पाय तरी बघाय मिळंल."

बाईंनी सांगितलं की दुखतंय म्हणून जपून टाकलेलं पाऊल डोळ्यांना दिसत नाही, पण बीजाला ऐकू येतं. दहांतल्या एकालाच हे जमतं. सोमवारी त्यानं सही केली आणि बीज पेरून घेतलं.

शंभर दिवस रावजी रोज सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मागून मुक्ता यायची. दर आठवड्याला तो आपली चप्पल उलटी करून पाही. उजव्या पायाचा तळ कोरा तो कोराच राही; पाय भार घेत नव्हता. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारा चाळीस हजारांहून शहाणा निघाला. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

शंभराव्या दिवशी बाई स्वतः आल्या. यंत्र खुब्याला लावून त्यांनी पाहिलं आणि बीज मिटल्याचं सांगितलं. मांडी साधारण घालता येईल, म्हणाल्या. लंगडणं मात्र राहिलं.

त्यांनी त्याला एकदा चालून दाखवायला सांगितलं. रावजी निघाला. मागोमाग मुक्ता निघाली. बाईंनी खाली बसून तिच्या डाव्या टाचेकडे नीट पाहिलं. टाच सरळ पडत होती, आतल्या बाजूला मुळीच दबत नव्हती.

मग त्यांनी नजर वर केली. पोर उजवा पाय किंचित ओढत, अंग डावीकडे झोकत, आजोबांच्या पावलावर पाऊल टाकून लंगडत चालली होती. तिला कुठंही दुखत नव्हतं.