इत्सुकोचं राहिलेलं हसू

शेगडी जवळ ओढा रे, आणि तो मोठा दिवा मालवा. दिवसभर दिवेच धरतो आपण. साकेचा पेला मात्र असू दे माझ्यापाशी.

ही गोष्ट आपल्या नागुमो दिग्दर्शकांची. उमेदवारीपासून मी त्यांच्याच चित्रपटांना प्रकाश दिला, तेव्हा ऐकीव समजू नका. गेल्या फेब्रुवारीतल्या तीन तारखेची रात्र. भुतं हाकलायचा सण, त्यामुळे स्टुडिओजवळच्या उझुमासाच्या गल्लीत घरोघरी भाजलेले सोयाबीन उधळून ‘भुतं बाहेर, भाग्य आत’ चाललं होतं. नागुमोसान स्टुडिओच्या गोदामातून रिळाचा डबा घेऊन घरी आले. त्यांचा गाजलेला जुना चित्रपट पुन्हा लागणार होता. शेवटचं रीळ धड आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

त्या रिळात इत्सुकोसान मरतात. नागुमोंची बायको, नटी होत्या. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. मेल्याचं काम करणाऱ्यानं शॉट संपल्यावर उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि तेवढी फिल्म चालू ठेवायची. मेलेला हसल्याशिवाय दिवा विझवायचा नाही, नाहीतर मरण अंगाला चिकटतं. तरुणपणी नागुमो या सगळ्याला म्हातारचळ म्हणायचे.

तो मरणाचा शॉट झाला त्या दिवशी इत्सुकोसान गादीवरूनच म्हणाल्या, “अहो, हसू द्या ना एकदा. अंग गार पडलंय माझं.”

“हसून तो चेहरा मोडू नकोस. उद्याच्या शॉटला मला हाच लागणार आहे. चला, दिवे बंद!”

दुसऱ्या दिवशी इत्सुकोसान तापानं फणफणल्या. आठवड्याभरात गेल्या. शवपेटीतही चेहरा तोच होता. चित्रपटाला बक्षिसं मिळाली, नागुमोंचं नाव झालं. ते रडले नाहीत. रडू येत नाही म्हणून डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आले. पुढे इतके चित्रपट काढले, पण एकातही कोणी मेलं नाही. माणसं दार लोटून निघून जायची, बस. टीकाकार म्हणाले, काय हा संयम! संयम कसला डोंबलाचा. माणूस आतून बधिर झाला होता. जेवलात का विचारलं, तर त्यांना आठवावं लागायचं.

तर त्या रात्री साडेअकराला त्यांनी भिंतीवर रीळ लावलं. घरात एकटेच. इत्सुकोसान गादीवर निपचित. इथे रीळ संपायचं...

संपलं नाही.

यंत्र फिरतंय. चेहरा तसाच. नागुमोंना भीतीही वाटेना. पन्नास वर्षं बोलायचं राहिलेलं तेवढं ते बोलले.

“इत्सुको... पुरे. ऊठ आता. हस.”

काही नाही.

“चुकलो मी. एकदाच हस.”

डोळे उघडले. पांघरूण सरकलं... ती उठून बसली. कॅमेऱ्याकडे पाठ. केस सारखे केले. उभी राहिली. चित्रातलं दार सरकवलं...

घराचं मागचं दार सरकलं.

गार वारा आला. मग... काहीच नाही.

पहाटे त्यांचा फोन आला. मी गेलो तर मागचं दार सताड उघडं, आणि नागुमोसान तसेच भिंतीकडे तोंड करून बसलेले.

“इत्सुको गेली,” ते म्हणाले. पेपर येऊन पडला म्हणावं, तसं.

“हसल्या का?”

“पाठ होती रे तिची. खांदे हलले थोडे. हसली की रडली... मला कळायला नको? दिग्दर्शक ना मी?”

तेव्हाही डोळ्यांत टिपूस नव्हता. मला मात्र राहवलं नाही, मी त्यांचे हात चोळत बसलो. बर्फ झाले होते नुसते.

रिळाच्या शेवटच्या चौकटी मी कापून ठेवल्यात. हे घे. शेगडीच्या उजेडाकडे धर. सांग, कोण दिसतं?

कोणी नाही ना? नुसती गादी. आता ऐका. त्या शॉटच्या दिवशी मी स्वतः तिथे होतो. रिकामी गादी आम्ही कधी चित्रित केलीच नव्हती.

आणि उशीकडे बघ... डोक्याचा खळगा अजून तसाच आहे.