फाटकावरचा चेहरा

लाडकीने बोट वर केलं आणि ती दचकली. फाटकावर तिच्या बहिणीचा चेहरा नव्हता.

"सकाळी आले तेव्हा होता, मॅडम! एवढा मोठा. दुसरा फोटो नाय आमच्याकडं, म्हणून तुम्हाला इथं आणलं."

तलासरीच्या त्या कारखान्याच्या फाटकावर नवाकोरा फ्लेक्स लागला होता. 'घाबरू नकोस, बोल!' मजकूर तोच, खाली हसणारी बाई मात्र दुसरी. सब-इन्स्पेक्टर योगिताने तो नीट न्याहाळला.

लाडकीची बहीण, वेवजी गावची जयवंती, इथेच कामाला होती आणि काल रात्री घरी पोचली नव्हती. सुपरवायझर जतीन अंगचटीला येतो, अशी तिची तक्रार होती. ती दाबली गेली. आणि आज मुंबईचे पाहुणे याच कंपनीला महिला-सुरक्षेचा पुरस्कार द्यायला येणार होते. त्यांच्यासमोर बोलायचंच, असं जयवंतीने ठरवलं होतं.

कामगारांची बस चालवणारा नविन घाम पुसत होता.

"कुठे उतरली?"

"नाक्यावर. फोन आला नि स्वतःच उतरली. खुशीत होती."

"जतीनचा फोन असेल?"

"छे! त्याचं नाव काढलं तरी थरथरायची ती."

कंपनीच्या महिला तक्रार समितीच्या प्रमुख मयुरीबाईंचे डोळे रडून सुजले होते. टेबलाशी चिकूची करंडी होती.

"काल रात्री कुठे होतात?"

"डहाणू रोडला, फ्लॅटवर. ताप होता. काल दिवसभर बाहेर पडलेच नाही."

"चिकू छान आहेत."

"पाहुण्यांना द्यायला. नरपडच्या आमच्या वाडीतून मी स्वतः निवडून आणलेत."

योगिताने एक उचलला. देठाचा ताजा चीक बोटांना चिकटला.

"फ्लेक्स का बदलला?"

"सकाळी लाडकी रडत आली, तेव्हा कळलं. हरवलेल्या बाईचा फोटो दारावर बरा दिसत नाही ना!"

योगिता बाहेर गेली, एक फोन केला आणि परतली.

"चला, मयुरीबाई. नरपडला."

जीपमध्ये लाडकी देवाचं नाव घेत होती. योगिताने जीपचा वेग वाढवायला लावला. पोरगी जिवंत असेल ना?

"फ्लेक्सवाल्याशी बोलले," योगिता मयुरीबाईंना म्हणाली. "ऑर्डर तुमची, काल दुपारची. तेव्हा जयवंती मशीनवर काम करत होती! ती आज नसणार, हे तुम्हाला आधीच कसं कळलं? जतीनच्या फोनवर ती उतरली नसती. तिचा विश्वास एकाच माणसावर होता, तक्रार ऐकून घेणाऱ्या बाईवर. आणि ताप आलेल्या बाईने चिकू कधी तोडले? देठ अजून ओला आहे. म्हणजे आज पहाटे तुम्ही वाडीत होतात, फ्लॅटवर नाही."

मयुरीबाईंनी मान खाली घातली. "पुरस्कार झाला की सोडणार होते. कंपनीचं नाव गेलं असतं, माझी नोकरी गेली असती. मी तिला हातही लावला नाही हो."

वाडीतल्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. मयुरीबाईंकडची किल्ली घेऊन योगिताने ते उघडलं. कोपऱ्यात जयवंती पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"घाबरू नकोस," योगिता म्हणाली.

जयवंती किंचाळली आणि भिंतीला आणखी चिकटली. काल मयुरीबाईंचे हेच शब्द ऐकून ती त्यांच्या गाडीत बसली होती. योगिता बाजूला झाली आणि तिने लाडकीला पुढे जाऊ दिलं.

बहिणीच्या गळ्यात पडून जयवंती खूप रडली. मग योगिताकडे बघत म्हणाली, "बोलते मॅडम, त्या पाहुण्यांपुढंच बोलते. पण तिथलं दार उघडं ठेवा."