पोहता न येणारा बँड

शाळांना सुट्टी लागली त्याच दिवशी ती व्हॅनच्या चाकांत हवा भरायला निघाली होती, आणि पुलाच्या अलीकडे तिला तो वेडा माणूस दिसला. पाऊस धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता. रस्त्याच्या कडेला एक टेम्पो बॉनेट उघडून उभा होता. टेम्पोच्या मागे ड्रम, वायरींची भेंडोळी, पिशव्या. आणि तो माणूस एका काळ्या पेटीवर छत्री धरून उभा होता. स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला.

तिनं व्हॅन थांबवली, काच खाली केली.

"पेटीला सर्दी होते का हो?"

"होते," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "आणि मग ती आठवडाभर घोगऱ्या आवाजात बोलते."

तिला हसू फुटलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण त्यानं पाहिलंच. केसांतून ओघळणारं पाणी भुवईवर अडलेलं, आणि त्याखाली हसरे, जरासे दमलेले डोळे... तिनं उगीचच वायपर सुरू केला.

टेम्पोखालून आणखी एक जण बाहेर आला. टक्कल, चष्मा, शर्टावर ऑइलचा डाग. हे त्या वेड्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान. एरवी चष्म्याचं दुकान चालवत आणि बँडमध्ये बेस गिटार वाजवत. सगळे त्यांना दाजी म्हणत. तिसरा, ड्रम वाजवणारा, बँकेत कारकून. बोलायचा इतकं हळू की दोनदा विचारावं लागे, म्हणून त्याचं नाव भूकंप.

आणि छत्रीवाला गिटार वाजवायचा. त्याला सगळे लाटकर म्हणत.

"आडनाव?" तिनं विचारलं.

"नाही, आरोप," दाजी म्हणाले. "लाटांचं संगीत वाजवतो ना."

मग रस्त्यावरच तिला कळलं की या प्रकाराला सर्फ रॉक म्हणतात. समुद्रात फळीवर उभं राहून लाटांवर घसरत येणाऱ्या पोरांसाठी कधीकाळी निघालेलं संगीत. त्यात गाणारा जवळजवळ नसतोच. गिटारच पाण्यातून वर आल्यासारखी थरथरत बोलते. तो थरथराट त्या काळ्या पेटीतल्या, म्हणजे गिटारच्या अॅम्प्लिफायरमधल्या, स्प्रिंगांमधून येतो, म्हणून पेटीला जपायचं. चार गावांचा छोटासा दौरा, शेवटचं गाव समुद्रकाठचं. आणि पहिल्याच सकाळी टेम्पोनं मान टाकलेली.

"तुमच्यापैकी पोहता कुणाला येतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दाजींना अंघोळ येते," लाटकर म्हणाला.

तिची व्हॅन शाळेच्या मुलांची. सुट्टीत ती नुसती दारात उभी राहणार होती, आणि ती स्वतः रिकाम्या घरात. ती हो म्हणाली.

"मुलं मला व्हॅनताई म्हणतात," सामान चढवताना तिनं सांगितलं. दाजी आणि भूकंप लगेच व्हॅनताई, व्हॅनताई करायला लागले. लाटकर पुढच्या सीटवर येऊन बसला आणि म्हणाला, "मी ताई म्हणणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"का बरं?"

"कारण अजून सापडलेलं नाही," तो बाहेर बघत म्हणाला. "पण म्हणणार नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं गिअर टाकला. पुढचा खड्डा तिला दिसलाच नाही, आणि मागे पेटीतल्या स्प्रिंगा खणाणल्या.

*

पहिल्या गावी कॉलेजचा हॉल होता. मुलं नाचायच्या तयारीनं आली होती. पहिलं वादन संपलं, दुसरं संपलं, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "गायक कधी येणार?" हॉल हसला, मग हळूहळू रिकामा झाला. शेवटी पंखे, खुर्च्या आणि दाराशी उभी ती. लाटकरनं तिच्याकडे पाहिलं आणि शेवटचं वादन पूर्ण वाजवलं, एकही सूर न गाळता, जणू हॉल भरलेला आहे.

दुसऱ्या गावी फर्निचरच्या शोरूमचं उद्घाटन. सोफे आणि डबल बेड यांच्यामध्ये बँड उभा. गिऱ्हाईकं गादी दाबून बघत, आणि मालक दर पाच मिनिटांनी येऊन म्हणे, "जरा हळू... फारच हळू!" ती एका सोफ्यावर बसून ऐकत होती. त्या सुरांत शब्द नव्हते, म्हणून लपायला जागाही नव्हती. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. तिथं, किमतीची चिठ्ठी लावलेल्या सोफ्यावर, तिचे डोळे भरून आले.

"सोफा आवडला?" वाजवून झाल्यावर त्यानं विचारलं.

"टोचतो," ती डोळे पुसत म्हणाली.

पुढच्या गावाच्या वाटेवर तिनं त्याला आईबद्दल सांगितलं. कितीतरी वर्षं अंथरुणात. भरवणं, कूस बदलणं, चादरी. लग्नाच्या गोष्टी आल्या आणि गेल्या. "आत्ता कुठे मी मला भूक लागेल तेव्हा जेवायला शिकलेय," ती म्हणाली. "विचित्र वाटतं ना ऐकायला?"

"नाही." त्यानं खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "मला माहितीये ते. बाबांचं मीच केलं."

काय झालं होतं, ते तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या गावी हॉलला कुलूप होतं आणि आयोजकाचा फोन बंद. दाजी आणि भूकंप त्याला शोधायला गेले. ती दोघं हॉलच्या पायऱ्यांवर बसली. वरच्या पत्र्यावर पाऊस बारीक वाजत होता. त्यानं गिटार काढली आणि पेटीशिवाय, अगदी हलक्या हातानं वाजवायला लागला. वीज नसलेली गिटार, डासाएवढा आवाज. ऐकायला तिला जवळ सरकावं लागलं.

"मुद्दाम हळू वाजवताय तुम्ही."

"तुम्ही नाही. तू."

"...मुद्दाम हळू वाजवतोयस तू."

"हो," तो म्हणाला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता, आणि दोघांपैकी कुणीही तो हलवला नाही.

मध्येच सूर तुटला. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळली होती. तो ती सरळ करायला बघत होता, हसत हसत, काही झालंच नाही असं दाखवत.

"गारठलाय रे हात. आण इकडे."

तिनं तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळू लागली. हात गार नव्हताच. चांगला ऊबदार होता. अंगठ्याखालचा मांसल भाग मात्र खोलगट झालेला, सुकलेला. तिनं आयुष्याची कितीतरी वर्षं आजारी हात हातात धरण्यात घालवली होती. तिला कळलं. आणि कळल्याचं तिनं दिसू दिलं नाही, नुसती चोळत राहिली. तो तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत होता.

*

समुद्रकाठच्या गावात, का कोण जाणे, लोक आले. वाळूवर एका उपाहारगृहानं छोटासा मंच बांधला होता. संध्याकाळ उतरली होती, ढग फाटून पिवळा उजेड पाण्यावर सांडला होता. पहिल्याच वादनाला टाळ्या पडल्या. दुसऱ्याला एक म्हातारं जोडपं चपला काढून नाचायला लागलं. 'गायक कुठाय' असं कुणीही विचारलं नाही. दाजींचं टक्कल आनंदानं चमकत होतं. भूकंपनं चक्क मोठ्यानं आरोळी ठोकली. आणि लाटकर... त्याच्या मागे खऱ्या लाटा फुटत होत्या आणि त्याची गिटार त्यांना उत्तरं देत होती. ती वाळूत उभी राहून बघत होती आणि तिच्या मनात आलं, हा माणूस मला हवाय. एवढंच, इतकं सरळ.

शेवटचं, सगळ्यात वेगाचं वादन सुरू झालं आणि मधोमध त्याचा हात बंद पडला.

बोटं गिटारच्या गळ्यावर मुडपून बसली. त्यानं झटकलं, पुन्हा धरलं. एक भलताच, किरटा सूर निघाला. मग काहीच नाही. क्षणभर फक्त बेस आणि समुद्र. दाजींनी मान वळवली नाही. ते बेस रेटत राहिले, पण चष्म्यामागे त्यांचे डोळे मिटलेले होते. भूकंपनं ड्रमवर नुसता कहर मांडला. लोकांना वाटलं, हा वादनाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात लाटकरनं पट्टा गळ्यातून काढला, गिटार पेटीला टेकवली आणि मंचाच्या मागच्या बाजूनं उतरून गेला.

सकाळी तो तिला किनाऱ्यावर सापडला. बूट घालूनच वाळूत बसला होता. ती शेजारी बसली.

"बाबांचंही करंगळीपासूनच सुरू झालं होतं," तो म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बघू म्हणतात." तो हसला. "आधी बोटं, मग दंड, मग गिळणं. बाबांना शेवटी शेवटी पाणी चमच्यानं द्यायचो, आणि तेही बाहेर यायचं. ते माझ्याकडे बघायचे ना... माफी मागितल्यासारखे. म्हणून हा दौरा. दाजींना माहीत आहे. टेम्पो त्यांनीच ठरवला, गावंही त्यांनीच शोधली. मला फक्त एकदा नीट वाजवायचं होतं."

"काल वाजवलंस."

"अर्धं."

पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं आणि परत गेलं.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पुलापाशी काच खाली केलीस तेव्हापासून. मी काही विचारत नाहीये, नुसतं सांगतोय. दुसरी कुणी असती तर सांगितलंही नसतं. ती लगेच म्हणाली असती, मी आहे ना. कारण तिला माहीत नसतं. तुला सगळं माहितीये."

तिनं तोंड उघडलं. ते वाक्य ओठांवर तयारच होतं. मी आहे ना. तीन शब्द. पण त्या क्षणी समुद्राचा वास कुठल्या कुठे गेला आणि नाकात ती खोली शिरली. औषधं, तेल, ओली चादर, दुपारी तीन वाजता ओढून घेतलेले पडदे. ती पुन्हा पलंगाशेजारच्या त्या खुर्चीत बसली होती आणि समोर आईच्या जागी तो होता. तिनं तोंड मिटलं.

एक लाट आली. गेली. दुसरी आली.

त्यानं पाहिलं. सगळं पाहिलं. आणि त्याचा चेहरा इतका मऊ झाला की तिला ते सोसवेना.

"राहू दे," तो म्हणाला.

"नाही, थांब. मला बोलू दे—"

"आता जे बोलशील ते दयेपोटी बोलशील."

"दया नाही रे ही!" ती ओरडलीच. "मला तू हवायस. कालपासून नाही, केव्हाचा. आणि मला ते सगळं परत नकोय. एकदा केलं, आता माझ्यानं होणार नाही. दोन्ही खरं आहे. मी काय करू, सांग ना... तूच सांग!"

त्यानं बुटावरची ओली वाळू झटकली.

"माझी बहीण मला रोज सांगते, तू बरा होशील," तो म्हणाला. "दाजी सांगतात. शेजारी सांगतात. तू एकटीच खरं बोललीस." त्यानं उजव्या हातानं तिच्या गालावरची वाळू पुसली. तो हात तिथंच थांबला, आणि तिनं गाल त्यात टेकवला. "बाबांच्या पलंगाशेजारी माझी एक खुर्ची होती. त्या खुर्चीत मी तुला बसवणार नाही. तू हो म्हणालीस तरीही."

"मग?"

"मग काय... गाडी काढ. घरी सोड आम्हाला."

ती रडत होती. तो रडत नव्हता. पण उठताना त्याला डाव्या हाताचा आधार घेता आला नाही. तिनं हात पुढे केला, त्यानं तो धरला, आणि उभं राहिल्यावरही दोघांनी तो व्हॅनपर्यंत सोडला नाही.

*

परतीच्या प्रवासात तो मागे बसला. पुढे दाजी. सगळा रस्ता दाजी काचा, फ्रेमा आणि नंबर यांवर बोलत राहिले, कारण कुणीतरी बोलायला हवं होतं. भूकंपला त्याच्या गल्लीत सोडलं. तो तिला काहीतरी म्हणाला. तिनं दोनदा विचारलं तरी ऐकू आलं नाही, आणि मग तो नुसता नमस्कार करून गेला. दाजींनी पेटी आपल्या घरी उतरवून घेतली. उतरल्यावर ते तिच्या खिडकीशी आले.

"व्हॅनताई," ते म्हणाले, "त्याची बहीण रात्ररात्र जागी असते. उद्या हे सगळं तिनं तरी का करावं, असं मला वाटतं, आणि मग माझीच मला लाज वाटते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिनं मान डोलावली आणि गिअर टाकला.

लाटकरची इमारत गल्लीच्या टोकाला होती. दिवेलागण झाली होती, भुरभुर सुरूच होती. तो गिटारची केस घेऊन उतरला.

"येते मी," ती म्हणाली. जाताना असंच म्हणायची सवय असते.

"नको येऊस," तो हसून म्हणाला. मग हसू मावळलं. "जेवून घे. भूक लागेल तेव्हा."

तो तळमजल्याच्या दाराशी गेला. उजव्या हातात केस, डाव्या हातात किल्ली. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. बोटांची पकड बसत नव्हती. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. किल्ली खाली पडली. वाकून उचलली. पुन्हा तेच.

तिनं व्हॅनचं दार उघडलं होतं. एक पाय बाहेर, ओल्या रस्त्यावर. तिथून त्याच्या दारापर्यंत हाकेचं अंतर होतं. तिला माहीत होतं, आपण गेलो तर हे एका कुलपापुरतं राहणार नाही. त्यालाही माहीत होतं. इंजिन चालू होतं, दिव्यांचा झोत त्याच्या पाठीवर होता. ती अजून तिथंच आहे हे त्याला कळत होतं. नुसतं वळून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

त्यानं मागे वळून बघितलं नाही.

त्यानं गिटारची केस खाली चिखलात ठेवली. किल्ली उजव्या हातात घेतली, फिरवली, दार ढकललं. केस उचलून आत गेला. दार लागलं. काही वेळानं खिडकीत दिवा लागला.

तिनं पाय आत घेतला, दार ओढलं. मग बराच वेळ तिला गिअरच सापडेना.