भरू नये अशी जखम

जन्मभर मी थापा मारल्या, घरचे साक्षीदार आहेत. ही मात्र थाप नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी, मायाकडे, ठाण्यात कोपरीला हे घडलं. गेल्या उन्हाळ्यात. तेही रात्री नव्हे...

भर दुपारी.

मायाची पोरगी अमृता मानपाड्याला एका प्रयोगशाळेत कामाला होती. जखम लवकर भरावी म्हणून एक मलम काढलेलं, त्याची सशांवर चाचणी चाललेली. पाठीचे केस काढायचे, भूल द्यायची, छोटी जखम करायची, मलम चोपडायचं.

आणि जखम भरली की ससा मारायचा. नवी कातडी तपासायला.

ज्याची आधी भरेल, तो आधी.

एक तपकिरी ससा अमृताच्या हाताला नाक घासायचा. नेमकी त्याचीच जखम भराभर भरत होती.

"अगं, ससा आहे तो, नवरा नाही!" तिचे वरिष्ठ, सर्वेश सर, चिडवायचे.

पोरीने काय करावं? कुणी नसताना ती नखाने हळूच त्याची खपली काढायची. जखम उघडी, तोवर ससा जिवंत.

"मलम लावूनही ह्याची जखम भरत कशी नाही रे देवा?" सर डोकं खाजवायचे.

अमृता पिंजरा पुसत राहायची.

मग जखमेत पू झाला. ससा ओरडला नाही. कोपऱ्यात बसून नुसते दात घासत राहिला.

कर्र... कर्र...

सुट्टीनंतर गेली, तर पिंजऱ्यात थंडगार.

अमृताने नोकरी सोडली. भात चिवडायची, उठून जायची. अशात एकदा विळीवर तिचं बोट कापलं. खपली धरली. दुपारी जरा पडली, उठून बघते तर...

खपली बोटावर नव्हती. उशीशेजारी अलगद ठेवलेली.

पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"ओरबाडू नकोस गं, कुक्कुलं बाळ आहेस का?" माया खेकसली.

"आई, मी नाही काढली."

"मग काय मी काढली?"

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर नाही, काही नाही. बोटाला घट्ट पट्टी बांधली. "सोडायची नाही. आता भरेल."

त्याच दुपारी कॉटखालून आवाज आला.

कर्र...

अमृता वाकली. खाली काहीच नव्हतं. हात लावून पाहिला, तर फरशीचा तेवढाच तुकडा... ऊबदार.

आवाज वाढला. घायकुतीला आल्यासारखा.

माया धावत आली. "अगं, रडतेस कशाला?"

"आई, तो मला वाचवतोय गं. मी त्याला असंच..."

"कोण? आणि कोणापासून?"

अमृताने पट्टी सोडली. हात कॉटखाली सोडला.

आवाज थांबला.

ती जखम अजून उघडी आहे. भरू द्यायला आता मायाच घाबरते; भरली की कोणीतरी पोरीला न्यायला येईल, म्हणते.

परवा मी गेलो. बेल वाजवली.

"कोण?" आतून मायाचा आवाज.

"अगं, मी. दादा."

पलीकडे पावलं दाराशी आली... आणि कितीतरी वेळ कडी निघाली नाही.