तरंगत्या शहराचे पाय

समुद्राखाली चाललेल्या छोट्या बुडीयानाच्या दिव्याचा झोत वर वळला आणि न्यायमूर्ती इरावती सबनीस यांनी आयुष्यात प्रथमच एक शहर खालून पाहिले.

वर सिंधुपीठ होते. किनाऱ्यावरची गावे समुद्राखाली गेली, तेव्हा तिथल्या कोळी, आगरी, भंडारी कुटुंबांसाठी उभारलेले तरंगते शहर. घरे, शाळा, मासळीबाजार, एक छोटेसे नाट्यगृहसुद्धा. हे सगळे पेलणारा करडा, खडबडीत तळ आता त्यांच्या डोक्यावर आभाळासारखा पसरला होता आणि लाटांबरोबर सावकाश हलत होता.

“घाबरलात?” सुकाणू धरून बसलेल्या डॉ. दिनानाथ खोतांनी विचारले. हा तळ ज्या पदार्थाचा होता ती अस्थिशिला त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मली होती. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण शिकवायची हौस गेली नव्हती.

“घाबरले नाही. पण उद्या मला याच्यावर सुनावणी घ्यायची आहे, आणि शाळेत विज्ञानात मी जेमतेम पास व्हायचे.”

“उत्तम. सगळं येणाऱ्याला शिकवण्यात काय मजा?”

खटला सरळ होता, पण त्यावर एका शहराचे भवितव्य टांगलेले होते. कायद्याच्या नजरेत सिंधुपीठ ही एक नौका होती. शाळा, पाणी, बाजार नगरसभा पाही. पोलीस आणि कोठडी मात्र मुख्य भूमीने नेमलेल्या कप्तानाच्या हाती. नौकेवर कप्तानाचा शब्द शेवटचा. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला: शहरातल्या कोणाही आरोपीला मुख्य भूमीवर नेऊन तिथे खटला चालवता येईल. तेव्हा सारे शहर रस्त्यावर उतरले. रोज संध्याकाळी मासळीबाजारापासून कप्तानाच्या घरापर्यंत मोर्चा जाई. वर्षभराने कप्तान जयसिंग मोहोळकरांनी जमावबंदी लावली. मोर्चे थांबले.

मग गेल्या अमावास्येला, समुद्र अगदी खोल ओसरला असताना, शहराच्या पोटातून ‘कर्रर्र’ असा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. कप्तानांचे म्हणणे, लाखभर माणसांनी पाय आपटून नौकेला तडा पाडला आहे. मोर्च्याचे नेतृत्व करणारी शिक्षिका केतकी तांडेल हिला मुख्य भूमीवर पाठवावे, आणि नौका फुटण्याआधी नगरसभेला अधिकार देणारी शहराची सनद रद्द करावी.

“आता मला पहिल्यापासून सांगा,” न्यायमूर्ती म्हणाल्या. “अस्थिशिला म्हणजे काय?”

“तुमचा हात कधी प्लास्टरमध्ये होता?”

“लहानपणी. आंब्यावरून पडले होते.”

“प्लास्टर काढल्यावर हात कसा दिसला?”

“काटकुळा.”

“फक्त स्नायू नाही, आतलं हाडही बारीक झालेलं असतं. हाड जिवंत आहे. भार पडला की ते वाढतं, भार काढला की झिजतं. अंतराळात महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसांची हाडं म्हणूनच ठिसूळ होतात. आम्ही प्रवाळाच्या सूक्ष्म जीवांना हाडाचा हा गुण शिकवला. आत हवेचे कप्पे असतात म्हणून ही शिला तरंगते, आणि जिथे ताण पडतो तिथे ती स्वतःहून जाड होते. नवी इमारत बांधली की काही वर्षांत तिच्याखाली पाया आपोआप तयार!”

“म्हणजे मोर्च्यामुळे तडा नाही, वाढ व्हायला हवी?”

“थोडीशी. खरं तर नेहमीच्या वर्दळीची तिला सवय होते. पेशी कंटाळतात. वर्गात एकाच सुरात बोलत राहिलो तर मुलं ऐकतात का? दोन वाक्यं बोलावीत आणि थांबावं. लगेच कान टवकारतात. पेशींचंही तसंच. ताण, ताण, मग विश्रांती. असं झालं तर वाढ कितीतरी पटींनी... अरे!”

झोतात वरून लोंबणारी एक प्रचंड कड आली होती. उलट्या डोंगररांगेसारखी ती अंधारात दूरवर गेली होती. खोतांनी नकाशा लावला आणि कडेच्या रेषेवरून बोट फिरवले.

“हा मासळीबाजार,” ते हळूच म्हणाले. “इथे वळण... ही शाळा... न्यायमूर्ती, हा मोर्च्याचा रस्ता आहे. त्यांची पावलं खाली उमटली आहेत.”

इरावतीबाई काचेला नाक लावून पाहू लागल्या. लाखभर माणसे चालली होती, घोषणा वाऱ्यावर गेल्या होत्या, फलक जप्त झाले होते. आणि इथे, जिथे कोणी पाहणार नव्हते, तिथे समुद्राने सगळे दगडात सांभाळून ठेवले होते.

ते कडेच्या बाजूने पुढे गेले. कप्तानाच्या घरासमोरच्या चौकाखाली कड संपली आणि तिथून एक भलाथोरला खांब सरळ खाली उतरला होता. समुद्रतळाच्या कातळापासून तो आता फार वर नव्हता. त्याचे टोक घासून पांढरे झाले होते.

खोतांचा चेहरा पडला. “तो आवाज याचाच. खोल ओहोटीला हा खांब कातळाला टेकला. सगळं शहर एका पायावर! असं दरवेळी होत राहिलं तर पीठ खरोखरच फुटेल.”

“खांब कापला तर?”

“सगळी कड त्याच्यावर तोलली आहे. कापला तर पीठ आजच फुटेल.”

“म्हणजे कप्तान बरोबर आहेत.”

“अर्धे. पण उद्या मला शपथेवर विचारतील की मोर्च्यामुळे शहर धोक्यात आलं का, आणि मला ‘हो’ म्हणावं लागेल. ती पोरगी जाईल. सनदही जाईल.”

परतताना त्यांनी बुडीयान वस्त्यांच्या खालून घेतले. इथे मोर्चे कधीच आले नव्हते. तळ जवळजवळ सपाट असायला हवा होता. खोतांनी सवयीने दिवा वर वळवला.

वर एक अरण्य होते. हजारो खांब, दाटीवाटीने, जवळजवळ सारख्याच लांबीचे, दिवा जाईल तिथवर. प्रत्येक खांब एका घराच्या बरोबर खाली होता. मधून माशांचे थवे जात होते, देवळाच्या सभामंडपातून पाखरे जावीत तसे.

“हे काय आहे?” न्यायमूर्तींनी कुजबुजत विचारले.

“मला माहीत नाही,” खोत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लाज नव्हती, आनंद होता. “हे मी बनवलेलं नाही!”

सुनावणी नाट्यगृहात भरली, कारण तेवढी मोठी दुसरी जागा नव्हती. न्यायमूर्तींपुढे चहा आला, तोही अर्धा कप. डोलणाऱ्या शहरात पूर्ण कप कोणी भरत नसे.

कप्तान मोहोळकर ताठ उभे राहून बोलले. “मला कोणाशी वैर नाही. पूल हादरू नये म्हणून सैनिकसुद्धा त्यावरून जाताना कदम मोडून चालतात. हे लोक वर्षभर एका ठेक्यात पाय आपटत होते. माझ्या नौकेवर लहान मुलं आहेत, बाईसाहेब.”

“आमचीच आहेत ती, साहेब!” मागून कोणीतरी ओरडले. हशा झाला.

खोत उठले. “केतकीताई, तुमचा ठेका कसा होता?”

केतकी तांडेल जेमतेम पंचविशीची होती. रात्रभर कोठडीत जागी असावी, तरी आवाज वर्गात बोलल्यासारखा स्वच्छ. “दोन पावलं, एक थांबा. ओढीची चाल ती.”

“ओढ म्हणजे?”

“आमचे आजे-पणजे वाळूवर होड्या ओढायचे. दोन पावलं ओढायची, एक श्वास घ्यायचा. इथे वाळूच नाही, पण सणाला आम्ही एक जुनी होडी रस्त्यावरून तशीच ओढतो. पोरांना चालायच्या आधी ओढ येते.”

“आणि जमावबंदीनंतर काय केलंत?”

“घरात बसलो. कायदा पाळला.” पुन्हा हशा. केतकीलाही हसू आवरेना. “म्हणजे बसलो नाही. संध्याकाळचा भोंगा झाला की जो तो आपापल्या घरात ओढ चालायचा. स्वयंपाकघरात, गॅलरीत. माझी आजी खाटेवर बसून पाय आपटते. घरात चालायला बंदी नाही ना, साहेब?”

खोतांनी डोळे मिटले, उघडले, आणि सरळ कप्तानांकडे वळले. “साहेब, या शहराला तुम्ही वाचवलंत.”

मागच्या रांगांतली माणसे पुढे वाकली.

“ओढीच्या चालीत ताण, ताण आणि विश्रांती आहे. अस्थिशिलेला नेमकं हेच हवं असतं. मोर्चा चालूच राहिला असता तर एकच पाय वाढला असता आणि त्याच्यावर हे पीठ फुटलं असतं. तुम्ही बंदी घातलीत, लोक पांगले, शहरभर घराघरांतून चालू लागले. आता प्रत्येक घराखाली पाय फुटला आहे. चौकाखालचा खांब थांबला आहे आणि बाकीचे त्याला गाठत आहेत. सगळे टेकले की भार वाटला जाईल.”

“टेकले की?” कप्तानांनी विचारले. “कशाला टेकले की?”

“कातळाला. पुढे ते आणखी वाढतील, आणि मग भरतीचं पाणीसुद्धा शहराला उचलू शकणार नाही.”

आता न्यायमूर्तींनी सनद पुढे ओढली. त्यातले एक कलम वादळासाठी लिहिलेले होते. नौका तरंगत असेतोवर कप्तानाचा शब्द शेवटचा. ती जमिनीला लागली, तर सारा कारभार आणि न्याय नगरसभेकडे. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त अपघात होता. शहर आपल्या पायांनी जमिनीपर्यंत जाईल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

“निकाल राखून ठेवते,” त्या म्हणाल्या. “वर्षातली सर्वांत मोठी भरती शरदाच्या पौर्णिमेला येते. त्या भरतीला हे शहर तरंगलं, तर ती नौका आहे. केतकी तांडेल मुख्य भूमीवर जाईल आणि सनदेचा निर्णयही तिथेच होईल. शहर उभं राहिलं, तर ती जमीन आहे आणि कप्तानाचं पद संपेल. तोवर जमावबंदी उठवावी, असं मला वाटतं.”

“नको!” केतकी ओरडली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. न्यायमूर्तींनीही चष्मा काढला.

“बंदी उठली तर लोक आजच चौकात येतील, बाई. वर्षभर याचीच वाट पाहतायत. आणि चौकातला पाय पुन्हा पुढे जाईल.” तिने कठड्यावर हात घट्ट धरले. “बंदी राहू द्या. मी सांगते लोकांना. अजून थोडे दिवस घरातच चालायचं.”

“अगं, काय बोलतेस तू?” मागून एक म्हातारी कळवळली.

“बरोबर बोलतेय, आजी. तू फक्त पाय आपटत राहा.”

खोतांनी घसा साफ केला. “एक अडचण राहिली. वस्तीत एक घर असं आहे, ज्याच्याखाली काहीच नाही. पुढे चौकातला मोठा खांब, मागची बाजू पूर्ण अधांतरी. बाकी शहर स्थिरावलं की पीठ तिथे तुटेल, आणि शेजारची आळीही सोबत नेईल.”

“कोणाचं घर?” कप्तानांनी विचारले.

“तुमचं, साहेब. तुम्ही एकटे राहता. संध्याकाळी चालत नाही.”

या वेळी कोणी हसले नाही. मोहोळकरांनी जमिनीकडे पाहिले. त्यांनी पाय उचलला, टेकवला; दुसरा उचलला, टेकवला; आणि अवघडून थांबले.

“असं?”

“थांबताना श्वास घ्यायचा, साहेब,” केतकी म्हणाली. “नाहीतर दम लागतो.”

एकट्याने भागणार नव्हते. तेव्हा कप्तानांनी स्वतःच्या सहीने केतकीची कोठडी आपल्या मागच्या खोल्यांत हलवली, आणि तिच्याबरोबर तिच्या आळीतली चार कुटुंबेही राहायला बोलावली. बंदी कायम राहिली, पण तो आदेश घरांना लागू नव्हता. भोंगा झाला की त्या घरातही ठेका घुमे, आणि त्यात बुटांचा एक जड आवाज असे, कायम किंचित मागे राहणारा.

पुढच्या ओहोट्यांना शहर क्षणभर स्थिर होऊ लागले. मग तासभर. मग अर्धा दिवस. जन्मापासून डोलणाऱ्या जमिनीवर वाढलेल्या लोकांना त्या स्थिरतेत गरगरू लागे. भिंत धरून ते हसत. दर दिवशी तरंगण्याचा वेळ आखडत होता, आणि त्याबरोबर नौकेच्या कायद्याचा अंमलही.

शरद पौर्णिमेला न्यायमूर्ती कप्तानांच्या मागच्या खोलीत येऊन बसल्या. शेजारी खोत होते. खिडकीबाहेर पाणी चढत होते. रस्ते रिकामे होते, पण प्रत्येक दारात माणसे उभी होती, सगळ्यांचे लक्ष आपापल्या तळपायांकडे.

भरती पूर्ण झाल्याचा भोंगा वाजला.

काहीच झाले नाही. खुंटीवरचा कंदील हलला नाही. पाणी काठाशी आले, थांबले, आणि शहर त्याच्या मधोमध उभे राहिले. पलीकडच्या दारात एक लहान मूल सवयीने झोक सांभाळायला गेले आणि धपकन बसले. मग सगळ्या आळ्यांतून एकाच वेळी श्वास सुटला, कित्येक हजार माणसांचा, वाऱ्याच्या झुळुकीसारखा.

खोतांनी डोळे पुसले. इरावतीबाईंनी कागदावर ‘ही जमीन आहे’ एवढी एकच ओळ लिहिली, सही केली आणि तो केतकीच्या हातात दिला.

मोहोळकरांनी खांद्यावरची कप्तानपदाची पट्टी उतरवून टेबलावर ठेवली. मग किटली उचलली आणि एका कपात चहा ओतू लागले. अर्ध्यावर हात सवयीने थांबला. त्यांनी पुन्हा ओतला, थेट काठापर्यंत.

“आता मी कोण?” त्यांनी विचारले.

“आमचे शेजारी,” केतकी म्हणाली. “आणा तो कप इकडे. बघू सांडता का.”

ते निघाले. दोन पावले, एक थांबा. दोन पावले, एक थांबा. चहाचा एक थेंबही सांडला नाही.